जुन्या स्नेअरचे लग आणि रॉड टंबलरमध्ये टाकू का?

ड्रमवेडा: माझ्याकडे एक जुना 14 इंची स्नेअर ड्रम आलाय, 10 लगचा (लग म्हणजे ड्रमच्या अंगावरचे धातूचे ठोकळे, त्यांत ड्रमचं कातडं ताणणारे लांब स्क्रू म्हणजे टेन्शन रॉड बसतात), म्हणजे वरखाली मिळून 20 टेन्शन रॉड. शेलला म्हणजे ड्रमच्या गोल अंगाला काही झालेलं नाही पण रॉडच्या आट्यांमध्ये जुनं ग्रीस काळं होऊन दगडासारखं बसलंय आणि डोक्यांवर गंजाचे बारीक ठिपके आहेत. एकेक रॉड ब्रशने घासायचा तर जीव जाईल म्हणून व्हायब्रेटरी टंबलर (आत भरलेल्या खड्यांत किंवा भरड्यात वस्तू थरथरवून घासणारं यंत्र) घ्यायचं मनात आहे, पण त्यात क्रोम उडेल का ही धास्ती वाटते. कोणी केलंय का?

खटपट्या: केलंय, दोन जुने सेट केलेत. क्रोमची भीती आत काय भरता त्यावर आहे. सिरॅमिकचे खडे अजिबात नको, ते धातू खरवडायला असतात, प्लेटिंगवर टाकले की चमक गेलीच म्हणून समजा. अक्रोडाच्या टरफलांचा भरडा घ्या आणि त्यात थोडं लिक्विड पॉलिश घालून आधी रिकामंच फिरवून घ्या म्हणजे ते सगळीकडे लागतं. त्याआधी रॉड साबणाच्या गरम पाण्यात भिजवून तेलकटपणा काढा आणि पूर्ण वाळवा, नाहीतर भरड्याचा चिखल होतो. आणि रॉड आणि लग एकत्र टाकू नका! मी टाकले होते, रॉडची टोकं आपटून दोन लगांवर टोचे पडले ते आजही दिसतात.

जुनंतेसोनं: लग बहुतेक ओतीव जस्ताचे असतात, म्हणून ते व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवू नका, जिथे क्रोम फाटलंय तिथून अ‍ॅसिड आत शिरून जस्त खातं. अजून एक, क्रोम स्वतः गंजत नाही, थर अगदी पातळ असतो, त्यातल्या बारीक छिद्रांतून खालचं लोखंड गंजून वर येतं. त्यामुळे ठिपका पुसला गेला तरी तिथला खड्डा राहणारच, टंबलर मळ काढेल पण गेलेलं प्लेटिंग आणून देणार नाही. त्या ठिपक्यांवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते म्हणून चरे पडत नाहीत. चमक जरा पिवळसर असेल तर ते निकेल असू शकतं, ते क्रोमपेक्षा मऊ, तिथे फार वेळ फिरवू नका.

ड्रमवेडा: आधी चारच रॉड टाकले, दर तासाला उघडून बघत होतो. तीन तासांत आट्यांमधलं काळं निघालं, नट आता बोटाने फिरवला की टोकापर्यंत सरळ जातो, इतका आनंद झाला की काय सांगू! डोक्यांवरचे ठिपके फॉइलने गेले, दोन ठिकाणी खड्डे राहिले. पण भरड्याचे कण आट्यांत अडकलेत, ते कशाने काढू?

खटपट्या: जुना टूथब्रश. लगमधल्या नटातही असेच कण अडकतात, म्हणून लग टाकण्याआधी आतले नट आणि स्प्रिंग काढून ठेवा. झाकण उघडताना मास्क लावा, धूळ खूप उडते. आणि रॉड परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, वायसर सगळे नवीन घाला.