पांढरं पडणं, विरंजन की सोलवटणं?

खारंपाणी: घरच्या टाकीतल्या प्रवाळांचे आजार आणि उपाय यांवर मराठीत टिपण लिहितोय. दोन वेगळ्या दुखण्यांना मी ‘पांढरं पडणं’ हा एकच शब्द लावला आणि तो वाचून एका मित्राने ॲक्रोपोरा जातीच्या प्रवाळाच्या जिवंत फांद्या छाटल्या.

पहिलं दुखणं ब्लीचिंग. प्रवाळ आपल्या पेशींतली सहजीवी शैवालं बाहेर टाकतं. कातडी शाबूत असते, पण काचेसारखी, म्हणून खालचा सांगाडा दिसतो. भिंगातून पाहिलं तर पॉलिपचे, म्हणजे प्रवाळातल्या एकेका चिमुकल्या जिवाचे, तंतू हलत असतात. प्रकाश उतरवायचा, पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं, थोडं खाद्य द्यायचं आणि वाट पाहायची. दुसऱ्यात मांसच सुटतं, बरेचदा बुडाकडून वर, आणि उघडा सांगाडा उरतो. तिथे वाट पाहिली तर सगळंच जातं. निरोगी टोक वेळेत छाटून घ्यावं लागतं. लांबून दोन्ही पांढरीच. कशाला काय म्हणू?

भरतीरेषा: पहिल्याला विरंजन. विरंजक चूर्ण शाळेत सगळ्यांनी वाचलंय. रञ्ज् म्हणजे रंगणं, ‘वि’ लागला की रंग जाणं. ‘विरक्त’सुद्धा याच धातूचा. दुसऱ्याला ऊतिनाश.

साधीभाषा: विरंजन म्हटलं की कुणीतरी वरून रसायन ओतल्यासारखं वाटतं. इथे तर प्रवाळाचा स्वतःचाच रंग उडतो, मग ‘रंग उडणं’ म्हणा. आणि ‘ऊतिनाश’ वाचून घाईने कात्री कोण उचलेल? गुडघा खरचटला की आई म्हणायची, ‘सोलवटलाय’. फांदीच्या बुडाशी नेमकं तेच दिसतं, कडेला चिंधीसारखं मांस लोंबत असतं.

भरतीरेषा: सोलवटायला काहीतरी घासावं लागतं. इथे कोण घासतंय?

शिंपला: मग ‘साल सुटणं’?

भरतीरेषा: साल झाडाला. प्रवाळ प्राणी आहे, निदान एवढं तरी शब्दाने मोडू नये.

तळगाळ: मला ‘शैवालं बाहेर टाकतं’ हेच खटकलं. नवखा माणूस काचेवरचं शेवाळ खरवडून थकलेला असतो, त्याला ही चांगली बातमी वाटेल. मी नवा एलईडी दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात लावला होता. माझं मॉन्टिपोरा, म्हणजे थाळीसारखं पसरणारं प्रवाळ, फिकं पडत गेलं आणि मी समजत होतो, शेवाळ हटतंय. कळेपर्यंत अर्धी थाळी गेली. काचेवरचं ते शेवाळ, पेशींतलं ते शैवाल, असा भेद करा.

साधीभाषा: शैवाल झिजूनच शेवाळ झालं. एकाच शब्दाची दोन रूपं आहेत, वाचक भेद लक्षात ठेवणार नाही.

शिंपला: तसं तर प्रवाल झिजूनच पोवळं झालं. मग टिपणातही पोवळंच लिहूया?

तळगाळ: नको. पोवळं म्हटलं की लाल मणी दिसतो, म्हणजे मेलेल्या प्राण्याचा घासलेला सांगाडा. आपण जिवंताबद्दल बोलतोय.

खारंपाणी: आणखी एक. छाटलेलं टोक आयोडीनच्या द्रावणात बुडवून दुसऱ्या खड्यावर चिकटवतात, त्याला सगळे फ्रॅग म्हणतात. मी ‘छाटकलम’ लिहिलंय.

भरतीरेषा: पुन्हा झाड!

साधीभाषा: कलम झाडाचं तरी कुठे होतं? अरबीत ती बोरूची लेखणी. तिथून आपल्याकडे ते फांदीला लागलं, कायद्यालाही लागलं. प्रवाळाला लागलं तर काय बिघडलं?

भरतीरेषा: बिघडतं. कलम लावलं की लोक मुळं फुटायची वाट पाहतात. इथे मांस खड्यावर पसरतं, मूळ कधीच येत नाही. ‘तुकडा’ म्हणा, त्यात खोटं काही नाही.

खारंपाणी: थांबा जरा. माझ्या ‘टॉर्च’ नावाच्या प्रवाळाच्या एका डोक्यावर तपकिरी, शेंबडासारखा लगदा आलाय. कालपर्यंत नव्हता.

तळगाळ: आधी पंप बंद करा, नाहीतर तो सगळ्या टाकीत उडेल. बारीक नळीने ओढून बाहेर काढा आणि ते डोकं बाकीच्यांपासून वेगळं करा. टिपणात ‘लगदा’ मात्र लिहू नका. लगदा हातात उचलता येतो. ही बुळबुळ बोट लागताच पाण्यात पसरते.