रेडिएशननंतरच्या एमआरआयत गाठ वाढलेली दिसतीय, परफ्युजन करून काय कळतं?

शाहूपुरी०९:
नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांना (वय ६१) ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतली कॅन्सरची गाठ) आहे. ऑपरेशन झालं, मग ३० रेडिएशन म्हणजे एकूण ६० ग्रे, सोबत टेमोझोलोमाइडच्या (किमोच्या) गोळ्या. रेडिएशन संपून सव्वा महिना झाला नि परवाच्या रिपोर्टात आलंय की कॉन्ट्रास्ट घेणारा भाग आधीपेक्षा वाढलाय. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय, आई रोज अंबाबाईच्या देवळात जाऊन बसतीय, पाहुणे म्हणत्यात उपचार वाया गेला आता मुंबईला न्या. पण आण्णा चालतात, जेवतात, सकाळी पेपर वाचतात, तब्येतीत काही फरक नाही. डॉक्टरांनी परफ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी सांगितलीय. त्यानं खरंच काही वेगळं कळतं का?

करवीर_रेडिओलॉजी:
दादा, कळतं. साध्या कॉन्ट्रास्ट एमआरआयत जो भाग पांढरा दिसतो तो एवढंच सांगतो की तिथल्या रक्तवाहिन्या गळतायत. ट्यूमर वाढला तरी गळतात आणि रेडिएशननं सूज आली तरी गळतात, पांढरं दोन्हीकडं सारखंच. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत हा घोळ बऱ्याच पेशंटमध्ये होतो, त्याला स्युडोप्रोग्रेशन म्हणतात, म्हणूनच २०१० च्या रानो निकषांत (मेंदूच्या गाठीवर उपचाराचा परिणाम मोजायचे डॉक्टरांचे नियम) पहिल्या १२ आठवड्यांत नुसत्या वाढलेल्या पांढऱ्यावरून आजार वाढला असं म्हणायचं नाही असं ठरलं (रेडिएशन दिलेल्या भागाबाहेर नवी गाठ दिसली किंवा बायोप्सीत सापडली तर गोष्ट वेगळी).

परफ्युजनमध्ये त्या जागेत रक्त किती खेळतंय ते मोजतात. जिवंत ट्यूमर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या काढतो म्हणून आकडा चढतो, रेडिएशननं मेलेल्या भागात तो खाली असतो. स्पेक्ट्रोस्कोपीत त्या जागेतली रसायनं मोजतात; कोलीन (पेशी झपाट्यानं वाढतायत याची खूण) चढलेलं आणि एनएए (निरोगी मज्जापेशींची खूण) घसरलेलं असलं की ट्यूमरचा संशय, लिपिड-लॅक्टेटच जास्त असलं तर मेलेला भाग. पण बऱ्याचदा एकाच जागी दोन्ही मिसळलेलं असतं, त्यामुळं एका आकड्यावर निकाल लावू नका. बायोप्सीत एमजीएमटीचं (गाठीतल्या एका जनुकाची तपासणी) काय आलंय?

कागलची_सून:
ताई म्हणून सांगते, आमच्या ह्यांचं अगदी असंच झालं होतं, पहिल्या स्कॅनला वाढलेलं बघून मी चार दिवस जेवले नव्हते. परफ्युजनचा आकडा खाली आला, डॉक्टरांनी त्याच गोळ्या चालू ठेवल्या आणि दोन महिन्यांनी तोच भाग आकसलेला दिसला. सगळ्यांचं तसंच होईल असं नाही म्हणत हां. एक करा, डेक्साची (डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टिरॉइड) गोळी कुठल्या तारखेला किती मिलिग्रॅम होती ते वहीत लिहून ठेवा, कारण ती वाढवली की पांढरं आपोआप कमी दिसतं नि कमी केली की उलटं, मग औषधाचा गुण कुठला नि गोळीचा कुठला कळत नाही. आमचं हेच लिहिलेलं नव्हतं, फार मनस्ताप झाला.

एमआरआय_टेक_सांगली:
मी मशीनवर असतो म्हणून सांगतो, शक्यतो प्रत्येक वेळी एकाच सेंटरला एकाच मशीनवर करा, १.५ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) स्कॅन ३ टेस्लाशी ताडून बघणं अवघड जातं. रिपोर्टचा कागद पुरत नाही, सगळ्या सीडी घेऊन जा, त्यातही रेडिएशन संपल्यावरचा पहिला स्कॅन हवाच, २०२३ च्या सुधारित रानो निकषांत तुलना त्याच्याशीच धरतात. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या. परफ्युजनला औषध मशीननं झपाट्यानं सोडावं लागतं, म्हणून कोपराजवळच्या चांगल्या शिरेत जाड सुई लागते, किमोनं शिरा बारीक झाल्या असतील तर आधीच सांगून ठेवा. आणि डोकं हललं की आकडे बिघडले, आण्णांना हे नीट समजावून आणा.

शाहूपुरी०९:
एमजीएमटी मिथायलेटेड लिहिलंय. सीडी दोन सापडल्या, तिसरी पाहुण्यांकडं इचलकरंजीला आहे, उद्या सकाळी जाऊन आणतो.

करवीर_रेडिओलॉजी:
मिथायलेटेडमध्ये स्युडोप्रोग्रेशन जास्त बघायला मिळतं, म्हणून आत्ता घाईनं औषध बदलू नका. परफ्युजन झालं की न्यूरोसर्जन, रेडिएशनवाले आणि रेडिओलॉजिस्ट तिघांना एकत्र बसून बघायला सांगा. मधेच उलट्या, झटके किंवा हातापायात कमजोरी आली तर मात्र तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.