मदत हवी आहे: प्रवासी विमान चालवायचे असेल तर आधी हवाई दलात जावे का?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी यंदा बारावीला, विज्ञान शाखेत आहे. तिला पुढे प्रवासी विमानच चालवायचे आहे आणि त्याबाबत तिच्या मनात जराही चलबिचल नाही. प्रश्न तिथपर्यंतच्या वाटेचा आहे. तिचा मामा म्हणतो की थेट व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढावा. माझा कल आधी हवाई दलाकडे आहे. आम्हा दोघांपैकी कोणीही आयुष्यात कॉकपिटमध्ये बसलेले नाही, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

थेट वाटेची माहिती आम्ही बऱ्यापैकी काढली आहे. परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षा असतात, क्लास वन वैद्यकीय तपासणी असते आणि महाराष्ट्रातच बारामती, गोंदिया, शिरपूर अशा ठिकाणी प्रशिक्षणाची सोय आहे. अडचण पैशांची आहे. आम्ही जिथे चौकशी केली तिथे खर्चाचा आकडा 50 लाखांच्या वर गेला आणि एअरबस 320 किंवा बोइंग 737 चे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची पात्रता, त्यात धरलेलेच नव्हते. म्हणजे घर तारण ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. एवढे करून नोकरी लगेच मिळेल याची हमी कोण देणार? इंडिगोने 2023 मध्ये एकाच वेळी 500 विमानांची मागणी नोंदवली, एअर इंडियाने त्याच वर्षी 470 विमानांची, हे मामा वारंवार ऐकवतो. परंतु जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये बंद पडली, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. कंपनी बुडाली म्हणून बँक हप्ता सोडत नाही.

हवाई दलाच्या वाटेवर प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा असतो आणि हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत तर महिन्याला 56,100 रुपये विद्यावेतनही मिळते. मात्र तिथे पैशांऐवजी वर्षे मोजावी लागतात. आज ती एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) गेली, तर खडकवासल्याची तीन वर्षे आणि पुढचे वर्षभराचे प्रशिक्षण धरून साधारण बाविसाव्या वर्षी अधिकारी होईल, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी 20 वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत बेचाळिशीला पोहोचेल. पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून अल्पसेवा कमिशन घेतले, तर ते 14 वर्षांचे असते; म्हणजे सदतिशीच्या आसपास ती मोकळी होईल, पण निवृत्तिवेतनाशिवाय. विमान कंपनीत वैमानिकाला पासष्टीपर्यंत उडता येते, त्यामुळे दोन्ही हिशेबांत पुरेशी वर्षे उरतात असे मला वाटते. मामाचा आक्षेप इथेच आहे. कंपनीतली ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा इतकी वर्षे सेना गाजवूनही तिला सहवैमानिकाच्या खुर्चीत, कदाचित स्वतःपेक्षा लहान कॅप्टनशेजारी बसावे लागेल. माजी अधिकाऱ्यांना हे प्रत्यक्षात कितपत जड जाते?

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. हवाई दलात कोणते विमान मिळणार हे आपल्या हाती नसते. पिलाटसवरच्या प्रशिक्षणानंतर कोणी लढाऊ विमानांसाठी बिदरला जातो, कोणी मालवाहू विमानांसाठी येलहंकाला, तर कोणी हेलिकॉप्टरसाठी हकीमपेटला, आणि त्यात आपल्या पसंतीइतकीच दलाची गरजही पाहिली जाते. सी-295 किंवा आयएल-76 हे मालवाहू विमान मिळाले, तर अनेक इंजिनांच्या विमानाचे तास नोंदवहीत पडतात आणि पुढची वाट सोपी होते, हे कळते. लढाऊ विमानांवरून प्रवासी विमानांकडे जाणेही अशक्य नाही. 2020 च्या कोझिकोड अपघातातल्या विमानाचे कॅप्टन विंग कमांडर दीपक साठे एनडीए, हवाई दल आणि मग एअर इंडिया याच क्रमाने गेले होते. पण हेलिकॉप्टर मिळाले तर? जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांवर काम करणारे अनेक माजी सैनिकी वैमानिक आहेत, हे चांगले काम आहे यात वाद नाही, परंतु माझ्या मुलीला ते नको आहे. हेलिकॉप्टरचे हजारो तास गाठीशी असलेल्या अधिकाऱ्याला विमानाच्या परवान्यासाठी किती नव्याने सुरुवात करावी लागते, हे अनुभवी व्यक्तीकडून ऐकायचे आहे.

नौदलाचाही विचार मनात येतो, कारण गोव्यातल्या आयएनएस हंसा या नौदल तळावर असलेले पी-8आय हे सागरी टेहळणीचे विमान मुळात बोइंग 737 च्याच घडणीचे आहे. नौदलातून आलेल्यांना विमान कंपन्यांत याचा काही लाभ होतो का?

मुलींसाठी एनडीएचे दार 2022 च्या तुकडीपासून उघडले, पण ते अगदी किलकिले आहे. मी पाहिलेल्या जाहिरातींत हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या 92 जागा होत्या आणि त्यांतल्या मुलींसाठी फक्त 2. शिवाय शरीराची मापे आहेत: उंची किमान 162.5 सेंटिमीटर, पायांची लांबी 99 ते 120, मांडी जास्तीत जास्त 64, बसल्यावरची उंची 81.5 ते 96. आम्ही तिला भिंतीला टेकवून, टाचा चिकटवून, शिंप्याच्या टेपने मोजले. उंची 164 भरली. पाय एकदा 99 आणि एकदा साडेअठ्ठ्याण्णव. अर्धा सेंटिमीटर टेपचा की मुलीचा, यावर घरात अजून एकमत नाही. प्रत्यक्ष तपासणीत हे माप कसे घेतात, ते कोणी सांगितल्यास बरे होईल.

त्याहून नाजूक बाब वैमानिक अभियोग्यता चाचणीची, म्हणजे सीपीएसएसची आहे. ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झाल्यास एनडीए असो वा एएफकॅट, उड्डाण शाखा कायमची बंद. ही एकमेव संधी सतराव्या वर्षी, जेमतेम तयारीवर खर्च करावी, की पदवीपर्यंत राखून ठेवावी? थांबावे, तर एनडीएची साडेएकोणीस वर्षांची मर्यादा उलटून जाते.

शेवटची शंका मुलीची स्वतःची आहे. एसएसबीच्या (सैन्याच्या निवड मंडळाच्या) मुलाखतीत ‘पुढे काय करणार’ असे विचारले, तर विमान कंपनीचे नाव घ्यावे का, असे ती विचारते. खोटे बोलायचे नाही, हे तिने ठरवले आहे. माझेही मत असे आहे की ज्याला गणवेशाचीच ओढ नाही, त्याने केवळ फुकटच्या तासांसाठी तिथली जागा अडवू नये. पण तिला ती ओढ नाही असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही आणि आहे असेही नाही. अशा द्विधा मनःस्थितीत आत जाऊन रमलेले कोणी इथे आहे का?

उत्तर देताना आपण कोणत्या शाखेत होता आणि साधारण कोणत्या वर्षी बाहेर पडलात, एवढे कृपया नमूद करावे, कारण नियम बदलत राहतात. एनडीएच्या पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही, हे आम्हाला याच महिन्यात ठरवायचे आहे.