कार्बनचं बॉनेट: वजन कमी की नुसता रुबाब?

कोलशेतचा पोलोवाला:
परवा इथेच एकाने लिहिलं, "ठाण्यात गाडीला कार्बन फायबरचं बॉनेट लावणारे सगळे दिखाऊ. दहा-पंधरा किलो कमी करायचेत तर स्टेपनी काढून घरी ठेवा, फुकटात काम होतं." दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी, १.० टीएसआय, म्हणजे एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. कंपनीचं लोखंडी बॉनेट मी स्वतः काट्यावर ठेवलं, १४ किलो ८०० ग्रॅम. कार्बनचं भरलं ६ किलो १००. डिकीचा दरवाजाही कार्बनचा केला, काच जुनीच ठेवली, तरी साडेसहा किलो वाचले. म्हणजे पंधरा किलो गेले, त्यातले निम्म्याहून जास्त नाकावरून. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाक आधीच जड असतं. बीएमडब्ल्यूने २००३ च्या एम३ सीएसएल या हलक्या केलेल्या स्पोर्ट्स गाडीला कार्बनचं छप्पर दिलं ते मिरवायला नव्हे. वरचं वजन उतरलं की गाडी वळणात कमी कलते.

आणि स्टेपनी काढा म्हणता? गेल्या जुलैत गायमुख घाटात रात्री अकराला खड्ड्यात टायर फुटला. बाजूला कंटेनरची रांग, मागच्या सीटवर सात वर्षांची मुलगी. स्टेपनी होती म्हणून वीस मिनिटांत निघालो. असा सल्ला देताना जरा विचार करा.

घोडबंदर_रोज:
ती पोस्ट माझीच. हिशोब मांडा. ११०० किलोला ११० पीएस (अश्वशक्ती) म्हणजे टनामागे १००. पंधरा किलो गेल्यावर १०१.४. दीड पीएससुद्धा नाही! ४५ लिटरची टाकी अर्धी ठेवलीत तर सोळा-सतरा किलो असेच कमी होतात. रेसिंगचे दाखले तर देऊच नका. मॅकलॅरेनने १९८१ ला एमपी४/१ ही फॉर्म्युला वनची गाडी कार्बनची केली तेव्हा गाडीचा सांगाडाच कार्बनचा केला, त्यातून मजबुती मिळाली. तुमचं बॉनेट म्हणजे झाकण. झाकण हलकं केलं म्हणून पातेलं लवकर तापत नाही.

रबाळे_फायबर:
अठरा वर्षं एमआयडीसीत फायबरचं काम करतोय, म्हणून बोलतो. दोघंही एक गोष्ट विसरताय. बाजारात 'कार्बन बॉनेट' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं साधं काचेचं फायबर असतं, वर कार्बनचा एकच थर. काही जण लोखंडी बॉनेटवरच कार्बनचं कापड रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, चिकटवतात. तिथे वजन वाढतं! लोकांचे पैसे जातात आणि बदनामी आमच्या धंद्याची होते, याचा मला फार राग आहे.

व्हॅक्यूम लावून जास्तीचं रेझिन ओढून घेतलं तरच वजन उतरतं. वर यूव्ही थांबवणारा क्लिअर कोट नसेल तर दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं. बिजागराचं ॲल्युमिनियम थेट कार्बनला टेकवलं तर आपल्या खाडीच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं. मध्ये काचेच्या फायबरचा थर द्यावाच लागतो. लॉकजवळही आतून मजबुती हवी. एका पोराने ती करून घेतली नाही, नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर बॉनेट उघडून थेट समोरच्या काचेवर आलं. वाचला.

नेरुळची_ताई:
पाम बीचवर म्हणे! त्या वेगात तो तिथे काय करत होता, हे कोणी विचारत नाही. आमची खिडकी त्या रस्त्यावर आहे. शनिवारी रात्री एक वाजता वाशीकडून आवाज सुरू होतो तो किल्ला जंक्शनपर्यंत. सासऱ्यांची बायपास झालीय, ते दचकून उठून बसतात. तुमचे पंधरा किलो गेले काय, राहिले काय, आमची झोप जाते.

कोलशेतचा पोलोवाला:
ताई, मी रस्त्यावर रेस करत नाही. वर्षातून एकदा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर जातो, हजार किलोमीटरच्या वर. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

नेरुळची_ताई:
तुम्ही जात असाल. पण वेगाचं कौतुक तुम्ही इथे करता आणि ते वाचून अठरा-एकोणीस वर्षांची पोरं रस्त्यावर उतरतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला सायकलवरून जाताना उडवलं. मांडीत रॉड आहे त्याच्या. गाडीवाला थांबलासुद्धा नाही.

वाशी_४३:
ताई, दुःख खरं आहे, पण त्यात बॉनेटचा काय दोष? राग पोलिसांवर काढा, नाकाबंदी मोजकीच लागते.

नेरुळची_ताई:
तीन लेखी तक्रारी दिल्यात. तुम्ही किती दिल्यात?

वाशी_४३:
एकही नाही. बरोबर बोललात.
पोलोवाल्यांना एकच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही. कंपनीच्या मूळ तपशिलात बदल चालत नाही असं त्यात स्पष्ट आहे. माझ्या मेव्हण्याने नुसते बंपर बदलले होते, विमा कंपनीने क्लेम आठ महिने अडकवला. आरसीवर नोंद आणि विमावाल्यांना आधी पत्र, हे केलंय का?

कोलशेतचा पोलोवाला:
विमावाल्यांना पत्र दिलंय. आरटीओत गेलेलो नाही. तिथे माझी चूक आहे.

रबाळे_फायबर:
आणि दरवाजे कार्बनचे करायला माझ्याकडे कोणी येऊ नका. दरवाजात बाजूच्या धडकेसाठी लोखंडी दांडा असतो. बॉनेटचंही तसंच, कंपनीचं धडकेत मधोमध दुमडावं म्हणून तशी घडी दिलेली असते. कार्बन दुमडत नाही, फुटतं, आणि तुकडे सुरीसारखे असतात. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगतो, काही जण उठून जातात.

घोडबंदर_रोज:
स्टेपनीचं मागे घेतो. गायमुखला मीही एकदा अडकलोय, लिहिताना आठवलं नाही. बॉनेटबद्दल मत तेच. पावणेनऊ किलोचा फरक मला डोळ्यांनी बघायचाय.

कोलशेतचा पोलोवाला:
जुनं बॉनेट गॅलरीत पडून आहे. रविवारी सकाळी रबाळेला घेऊन येतो, काटा फायबरवाल्या दादांचा.

रबाळे_फायबर:
काटा पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवतो. नऊच्या आत या, नंतर मोल्ड उघडायचाय.