मदत हवी आहे: सामायिक तलावाचं पाणी कमी वर्षात वाटायचं कसं? कराराचं कलम अडलंय

ओढाकाठ:

नमस्कार मंडळी,

तीन गावांचा मिळून एक तलाव आहे. त्याच्या पाणीवाटपाचा करार नव्याने लिहायचं ठरलंय आणि मसुदा माझ्याकडे आलाय. बाकीची कलमं होतील. कमी पाण्याच्या वर्षाचं कलम मात्र काही केल्या जमत नाही, त्यासाठी हा धागा.

जुन्या करारात प्रत्येक गावाला ठरावीक दिवसांची पाळी आहे. आधी वरचं गाव, मग मधलं, शेवटी खालचं. तलाव भरत होता तोवर कुणी हूं की चूं केलं नाही. हल्ली वर्षाचा एकूण पाऊस फारसा घटलेला नाही, पण पडायची तऱ्हा पार बदलली. चार दिवस धो धो आणि मग महिना महिना उघडीप. धो धो पावसाचं पाणी सांडव्यावरून निघून जातं, त्याच्यासोबत आलेला गाळ तेवढा तलावात राहतो. उघडीप पडली की सगळे एकदम पाणी मागतात. पूर्वी खरिपाला तलावाचं दार उघडायची वेळ क्वचितच यायची, आता रब्बीसाठी राखायचा साठा खरिपातच उपसला जातो. त्यात उन्हाळा लवकर तापतो, बाष्पीभवन वाढतं. शेवटी खालच्या गावाची पाळी येते तेव्हा दाराशी पाणीच नसतं.

बैठकीत तीन मतं आहेत. काही म्हणतात, सगळ्यांचे दिवस सारख्या टक्क्यांनी कमी करा. काहींना क्रम हवाय: आधी पिण्याचं, मग उभ्या फळबागा, उरलं तर बाकीची पिकं. आणि खालच्या गावातली तरुण मंडळी म्हणतात, जमिनीवर नको, माणशी वाटा. तिन्ही मतांत तथ्य आहे, म्हणून तर अडलोय.

शोधाशोध करताना अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचा करार वाचला. १९२२ साली तिथल्या वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील इतकं) पाणी दरवर्षी ठरवून दिलं, १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख. म्हणजे वाटप झालं १ कोटी ६५ लाखांचं. आकडा धरताना जी वर्षं समोर ठेवली ती भरपूर पाण्याची होती. २००० नंतर नदीला सरासरी सव्वा कोटीच्या आसपासच पाणी येतंय. वाटे कागदावर तसेच आणि नदी आटलेली. शंभर वर्षं झाली तरी तो गुंता सुटत नाही, आणि आमच्या करारात नेमकं तेच होईल ही भीती आहे.

तर प्रश्न असा: टंचाईचं वर्ष कुठलं हे कधी आणि कशावरून ठरवायचं? आणि ठरल्यावर कपात कोणी किती सोसायची?

---

कालवामाप:

चांगला प्रश्न, आणि वेळेवर विचारलात. भांडण लागल्यावर हे कलम लिहिता येत नाही.

टक्क्यांची कपात ऐकायला सोपी आहे, पण टक्के कशाचे? वर्षाचं एकूण पाणी वर्ष संपल्यावर कळतं, पाणी मात्र आज सोडायचं असतं. कर्नाटक-तमिळनाडूच्या कावेरी वादातल्या २००७ च्या निवाड्यात टंचाईच्या वर्षी वाटे त्याच प्रमाणात कमी करायची तरतूद आहे. तरीही प्रत्येक वाईट पावसाळ्यात वाद पेटतो, कारण पावसाळा अर्धा सरलेला असताना वर्ष टंचाईचं म्हणायचं की नाही यावर एकमत होत नाही.

त्यामानाने भारत-बांगलादेशाचा, फरक्का बंधाऱ्याशी गंगेचं पाणी वाटायचा १९९६ चा करार बघा. त्यात वर्षाचा हिशोबच नाही. १ जानेवारी ते ३१ मे हा काळ दहा-दहा दिवसांत तोडलाय आणि त्या दहा दिवसांत नदीला प्रत्यक्ष किती पाणी आहे यावर वाटा ठरतो. ७० हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) किंवा कमी असेल तर निम्मं निम्मं. ७० ते ७५ हजारांत बांगलादेशाला ३५ हजार, बाकी भारताला. त्याच्यावर गेलं की भारताला ४० हजार, बाकी बांगलादेशाला. ५० हजारांच्या खाली गेलं तर दोघांनी तातडीने बसून ठरवायचं. त्या कराराबद्दल दोन्ही बाजूंच्या तक्रारी आहेत, तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण रचना शिकण्यासारखी आहे: मोजमाप आधी, वाटा नंतर, आणि पायऱ्या आधीच लिहिलेल्या.

तुमच्याकडे नदी नाही, साठा आहे, म्हणजे काम आणखी सोपं. तलावाच्या पट्टीवर तीन पातळ्या रंगवा. पाणी कुठल्या रेघेला आहे ते शेंबड्या पोरालाही दिसलं पाहिजे. कोलोरॅडोवरच्या मीड जलाशयासाठी २००७ साली अशाच पायऱ्या ठरल्या: १०७५, १०५० आणि १०२५ फूट. पुढच्या जानेवारीला पातळी कुठे असेल याचा अंदाज ऑगस्टमध्ये काढतात आणि कपात आधीच जाहीर करतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली, तेव्हा कोणाचं किती कापायचं हे लिहून ठेवलेलं होतं.

आपल्याकडे धरणांचं रब्बी-उन्हाळी नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर करतात. तीच तारीख धरा.

---

ओढाकाठ:

धन्यवाद सर. पातळीच्या रेघा ही गोष्ट सगळ्यांना पटेल. पण १५ ऑक्टोबर आम्हाला उशिराची पडते. आमचा घोटाळा होतो ऑगस्टच्या उघडिपीत.

---

कालवामाप:

मग दोन तारखा ठेवा. पावसाळ्यातली उघडीप २०-२१ दिवसांपेक्षा लांबली तरच खरिपासाठी एक संरक्षित पाळी (पीक जगवण्यापुरतं पाणी), तीही पाणी पहिल्या रेघेच्या वर असेल तर. रेघेच्या खाली असेल तर पाऊस येईपर्यंत दार बंद. १५ ऑक्टोबरला उरलेल्याचा हिशोब करून रब्बीच्या पाळ्या जाहीर करायच्या. पिण्याचं पाणी आणि बाष्पीभवनाची तूट या दोन्ही वजाबाक्या आधी करा, मग वाटायला बसा. बाष्पीभवन लोक विसरतात. एक हेक्टर पसाऱ्यावरून एक सेंटिमीटर पाणी उडालं तरी एक लाख लिटर गेलं.

---

टेलची_शेतकरीण:

दादा, मी कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला शेती करते, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. सगळ्यांचे दिवस सारखे कापणं म्हणजे समान कपात नव्हे.

पाणी सोडल्यावर आधी कोरडी चारी, म्हणजे शेताकडे पाणी नेणारा छोटा पाट, पाणी पिते. भेगा, बिळं, गवत, सगळं भिजल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. वरच्याला हे सोसावं लागत नाही, त्याच्या बांधाशी दार उघडलं की पाणी हजर. माझ्या पाळीचे पहिले तास चारी भिजवण्यातच जातात. पाच दिवसांच्या पाळीतला एक दिवस असा गेला तर चार उरतात. पाळी दोन दिवसांची केली तर तो एक दिवस तसाच जातो आणि हातात एकच राहतो. वरच्याचं पाचाचं दोन झालं, माझं चाराचं एक. टक्के तेच, सोसणं वेगळं.

म्हणून कमी वर्षात वेळ कापू नका, क्षेत्र कापा. धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीत हेच होतं. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखालची जमीन मोठ्या फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि बऱ्याच शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पाण्याविना ठेवायचा. तोटा एकट्या टेलवाल्याच्या पदरात पडत नसे. पाणी द्यायला पाटकरी असायचा, शेतकरी स्वतः दार उघडायचा नाही.

श्रीलंकेत जुन्या तळ्यांखाली याला बेत्मा म्हणतात. दुष्काळाच्या हंगामात तळ्याजवळची जमीन तेवढ्यापुरती सगळ्यांत वाटतात, लांबच्या जमिनी पडीक ठेवतात. चारीत पाणी मुरत नाही आणि खालचा शेतकरीही त्या हंगामात वरच्या जमिनीत पेरतो. तुमच्या वरच्या गावाला एका हंगामापुरती जमीन द्यायला पटवणं कठीण जाईल हे मला दिसतंय. पण निदान विचारून बघा. नाहीच जमलं तर टंचाईच्या वर्षी पाळी टेलकडून सुरू करा आणि वर या. शेवटचा शेतकरी भिजेपर्यंत वरच्याचं लक्ष चारीवर राहतं, कुठे फुटली तर तोच धावतो.

फळबागांच्या क्रमाबद्दल: बागेला आधी पाणी असं लिहिलंत, तर पुढच्या पाच वर्षांत सगळे बागाच लावतील. आजच्या बागांची यादी करा, तिच्यावर तारीख टाका आणि नव्या बागेला हा हक्क नाही असं स्पष्ट लिहा.

---

भूजलवेडा:

ताईंशी शंभर टक्के सहमत. पण या सगळ्या चर्चेत विहिरी कुठे आहेत?

तलावाच्या काठावर आणि बांधाच्या खालच्या अंगाला विहिरी-बोअर असतीलच. त्यांचं पाणी म्हणजे बऱ्याच अंशी तलावाचंच पाणी, जमिनीखालून गेलेलं. तुम्ही रेघ बघून दार बंद कराल आणि त्याच रात्री काठावरच्या मोटारी चालू राहतील. म्हणजे टंचाई सोसणार फक्त पाळीवाला, विहीरवाला मोकळा. अशा कराराला कोणी मान देत नाही.

सगळ्या विहिरींची नोंद करा, निदान दोन-तीन निरीक्षण विहिरी ठरवा आणि तलावाच्या पातळीसोबत त्यांचीही पातळी फळ्यावर लिहा. आंध्र प्रदेशातल्या दुष्काळी भागात शेतकऱ्यांनीच पाऊस आणि विहिरी मोजून रब्बीआधी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा प्रकल्प झाला होता. तिथे कोणावर बंदी घातली नव्हती, आकडे समोर आल्यावर कित्येकांनी आपणहून कमी पाण्याची पिकं घेतली. हिवरे बाजार गावाने पुढची पायरी गाठली: पावसावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, आणि शेतीसाठी बोअर बंद. तेवढं कडक तुम्हाला जमेल न जमेल, पण तिसऱ्या रेघेखाली पाणी गेल्यावर काठावरचा उपसा फक्त पिण्यासाठी, एवढं तरी कलमात हवंच.

---

खाचपट्टी:

फक्त मोजमापाबद्दल लिहितो. दिवसांची पाळी म्हणजे पाणी मोजणं नव्हे. तलाव भरलेला असताना दारातून एका दिवसात जेवढं जातं तेवढं उतरलेल्या तलावातून जात नाही, दाबच नसतो. प्रत्येक गावाच्या चारीच्या तोंडाशी ९० अंशांची व्ही आकाराची खाच असलेला पत्रा बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे साडेचार लिटर जातं, २० असेल तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर अजिबात जाऊ नका. उंची पत्र्याजवळ मोजायची नाही, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. त्या उंचीच्या निदान चौपट अंतर मागे सरकून पट्टी रोवा. आणि खाचेतून पाणी मोकळं खाली पडलं पाहिजे, पुढे तुंबलं तर मोजमाप चुकतं.

---

माणशी_वाटा:

खालच्या गावातल्या तरुणांची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहितोय. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर मिळायचं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनांचाही वाटा होता आणि ऊस बंद. जमीन विकली तरी पाणी तिच्यासोबत जात नसे. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही, होऊन गेलेलं आहे. पूर्ण वाटप असं होणार नसेल तर टंचाईच्या वर्षापुरतं तरी करा. भरल्या वर्षी जमिनीवर वाटा, तुटीच्या वर्षी माणसांवर.

---

ओढाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचा चारीचा हिशोब मी काल बैठकीत फळ्यावर मांडला. वरच्या गावातल्या एका जाणत्या काकांनी तो दोनदा समजावून घेतला आणि टेलकडून पाळी सुरू करायला स्वतःच अनुमोदन दिलं. हंगामापुरती जमीन द्यायचा विषय मात्र तिथेच थांबला.

आता कलम असं लिहितोय, डोळ्याखालून घाला:

"पिण्याचं पाणी आणि बाष्पीभवनाची तूट आधी वजा होईल. पावसाळ्यात सलग २१ दिवस उघडीप राहिली आणि पाणी पहिल्या रेघेच्या वर असलं तरच खरिपाची एक पाळी मिळेल. १५ ऑक्टोबरला तिन्ही गावांच्या प्रतिनिधींसमोर पातळी वाचली जाईल. पाणी पहिल्या रेघेच्या वर असल्यास नेहमीच्या पाळ्या. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मध्ये असल्यास पाळी खालच्या गावापासून सुरू होईल आणि प्रत्येक खातेदाराचं भिजायचं क्षेत्र सारख्या प्रमाणात कमी होईल. दुसऱ्या रेघेखाली पाणी कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल, भूमिहीनांसह. तिसऱ्या रेघेखाली फक्त पिण्याचं पाणी, आणि नोंद झालेल्या विहिरींनाही हाच नियम. पाणी पाटकरी देईल, खातेदार दाराला हात लावणार नाही."

जुन्या बागांची यादी परिशिष्टात जाईल. चारीवरच्या खाचांचं काम उन्हाळ्यात करून घेऊ.

एक अडचण उरली. दरवर्षी गाळ येतोय, म्हणजे आज दुसऱ्या रेघेला जेवढं पाणी आहे तेवढं पाच वर्षांनी त्याच रेघेला नसणार. रेघा तिथेच राहतील आणि तलाव आतून उथळ होत जाईल.

---

कालवामाप:

कलम उत्तम झालंय. भूमिहीनांनी आपला वाटा कुठे वापरायचा, दुसऱ्याच्या जमिनीत की वाट्याने द्यायचा, तेवढं एका वाक्यात लिहा, नाहीतर तो हक्क नुसता नावाला राहील.

गाळाचं म्हणाल तर रेघांची जागा करारात लिहू नका. करारात साठा लिहा, रेघा परिशिष्टात ठेवा. दर पाच वर्षांनी उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की तलावाचं नव्याने सर्वेक्षण करायचं आणि त्यावरून रेघा सरकवायच्या. गंगा करारातही दर पाच वर्षांनी फेरविचाराची तरतूद आहे. फेरविचार मागायचा हक्क एकट्या गावालाही द्या, तिघांच्या संमतीची अट घातलीत तर तो कधीच होणार नाही.

---

ओढाकाठ:

दोन्ही दुरुस्त्या घेतो. मसुदा तिन्ही गावांच्या ग्रामसभांपुढे जायचा आहे, तोवर कलमात कुणाला पळवाट दिसली तर कृपया इथेच लिहा. विशेषतः विहिरींच्या वाक्याबद्दल. तिथेच सगळ्यात जास्त विरोध होणार आहे.