'पुण्यात गाडी चालवणारा जगात कुठेही चालवू शकतो' हे मला पटत नाही

भीमथडी

या दिवाळीत दोन घरी फराळाला गेलो आणि दोन्हीकडे पुढच्या वर्षीच्या युरोप सहलीचा विषय निघाला. बेतही सारखाच. म्युनिकला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, इन्सब्रुकवरून ब्रेनर घाट ओलांडून इटलीत शिरायचं, डोलोमाइट्सचे डोंगर आणि फ्लोरेन्स बघून परत म्युनिक. तयारी काय केली विचारलं, तर दोन्हीकडे एकच उत्तर: "आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना, काढू. बाकी काय असतं? लक्ष्मी रोडला गाडी चालवलीय, तिथे काय अवघड जाणार?"

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी याच वाटेने अकरा दिवस गाडी चालवली. पुण्यात, वरंध्यात, कोकणात मिळून बावीस वर्षं चालवतोय, त्यामुळे हे वाक्य मीही मनापासून म्हणायचो. आता म्हणणार नाही.

म्युनिकच्या एका उपनगरातली गोष्ट. दुसरा दिवस, ताशी ३० ची हद्द, दोन्ही बाजूंना घरं. मी सरळ, जरा रुंद रस्त्यावर होतो. उजवीकडून एक गल्ली येऊन मिळत होती. पाटी नाही, सिग्नल नाही, रस्त्यावर रेघ नाही. माझ्या हिशेबाने मी मोठ्या रस्त्यावर, म्हणजे वाट माझी. गल्लीतून एक गाडी आली ती थेट माझ्यासमोर. ब्रेक लागला, वीतभर अंतर राहिलं. आत एक वयस्कर बाई होत्या. त्या चिडल्या नाहीत, घाबरल्या होत्या. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

हक्क त्यांचा होता. जिथे पाटी किंवा सिग्नल नाही तिथे उजवीकडून येणारा आधी जातो, गल्ली केवढीही असो. मी थांबणार यावर त्यांचा इतका विश्वास होता की माझ्याकडे निरखून बघायची त्यांना गरज वाटली नव्हती.

आपल्याकडे चौकात कोणी आधी जायचं हे तिथल्या तिथे ठरतं. समोरच्याचा चेहरा वाचायचा, बंपर थोडा पुढे घालायचा, तो कचरला की निघायचं. हे कसब आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण तिथे हा निर्णय तुम्ही चौकात पोचायच्या आधीच झालेला असतो आणि बाकी सगळे तो गृहीत धरून चाललेले असतात. डिपरचंच घ्या. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, थांब'. जर्मनीत चौकात मला जेव्हा जेव्हा कोणी डिपर दिला तेव्हा त्याचा अर्थ 'तुम्ही जा' असा होता. ब्रेनर उतरून इटलीत गेलो आणि अर्थ पुन्हा आपल्यासारखा झाला!

उजव्या बाजूने चालवायची सवय दोन दिवसांत होते. थांबायचं कुठे हे मात्र आधी शिकूनच जावं लागतं. म्हणून माझं मत असं: ज्या ज्या देशांतून जाणार तिथले वाट देण्याचे नियम निदान दोन आठवडे आधीपासून वाचावेत आणि सरावाचे प्रश्न सोडवावेत. तेवढा वेळ नसेल तर गाडी भाड्याने घेऊ नये. कडक वाटेल, पण रस्त्यावर दुसऱ्यांचीही माणसं असतात.

चाकोरीबाहेर

पूर्ण असहमत.

जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली मिळून माझ्या चार सहली झाल्या, सात हजार किलोमीटरच्या वर गाडी चालवली. नियमांचं पुस्तक कधी उघडलं नाही. अशा लेखांनी एकच होतं, माणसं घाबरतात आणि सकाळी सातला बसमध्ये बसवणाऱ्या सहलीला पैसे भरून मोकळी होतात. माझ्या भावाचं हेच झालं.

तुमचाच प्रसंग बघा. पाटी नव्हती, नियम माहीत नव्हता, तरी तुम्ही वेळेत थांबलात. कशामुळे? कुठूनही कोणीही येऊ शकतं हे बावीस वर्षं अंगात मुरलंय म्हणून. तो ब्रेक पुण्यातच घडला होता. नियमावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या माणसाची गाडी तिथे आदळली असती.

दुसरं, वाचलेलं पायात उतरत नाही. रात्रभराचं विमान, झोप नाही, आणि विमानतळावरूनच किल्ली घेऊन थेट ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या महामार्गावर, जायचं, खरा धोका इथे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. वळायला गेलात की वायपर सुरू. त्यात गिअर उजव्या हातात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आगाऊ सांगून ठेवावी लागते, नाहीतर साधी गिअरची गाडी समोर येते. मी दरवेळी पहिला दिवस शहरात पायी फिरतो, झोपतो आणि शक्यतो रविवारी सकाळी गाडी घेतो. जर्मनीत रविवारी साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते, रस्ते मोकळे मिळतात. रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास फिरवा. ते अर्धा तास तुमच्या दोन आठवड्यांच्या वाचनाला भारी आहेत.

नाशिकची प्राजक्ता

वाद चालू द्या, पण मला एक नक्की सांगा. आम्ही जूनमध्ये जातोय, सोबत सासू-सासरे आणि सात वर्षांची मुलगी. आयडीपी खरंच लागतं का? एका ओळखीच्यांचं म्हणणं, आपलं लायसन्स इंग्रजीत आहे तर गरज नाही.

भीमथडी

प्राजक्ताताई, काढाच. इटलीत नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही, आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागतं. आपल्या आरटीओचं असतं, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष, अर्ज सरकारच्या 'सारथी' संकेतस्थळावरून करता येतो. मूळ लायसन्स सोबत हवंच, एकट्या आयडीपीला काही अर्थ नाही. आणि क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावावर असू द्या. डेबिट कार्डावर अडवलेली माणसं मी काउंटरपाशी पाहिली आहेत.

मुलीसाठी सीट आत्ताच सांगून ठेवा. जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना लागते. मांडीवर घेऊन बसणं हा विषयच नाही.

इझारकाठ

म्युनिकला नऊ वर्षं राहतो, भीमथडींच्या बाजूने लिहितोय. इथे राहायला आलं की सहा महिन्यांनंतर भारतीय लायसन्स चालत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो. उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे वळून सायकलवाला बघितला नाही एवढ्याच कारणाने. तेव्हा राग आला होता. आता रोज मुलाला सायकलच्या पुढच्या सीटवर बसवून बालवाडीत सोडतो, तेव्हा त्या परीक्षकाचं म्हणणं कळतं.

पण मला सांगायचंय ते 'रेटुंग्सगासे'बद्दल. ऑटोबानवर गाड्या रेंगाळायला लागल्या की सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्यांनी डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. मधे रुग्णवाहिकेला वाट तयार होते. सायरन ऐकल्यावर नाही, वेग पायी चालण्याइतका झाला की लगेच. ऑस्ट्रियातही हेच. जर्मनीत ती वाट केली नाही तर किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी.

आता आपली सवय आठवा. पुढे मोकळी जागा दिसली की आपण काय करतो? चाकोरीबाहेर, तुमच्या ब्रेकचं मान्य, पण तोच पुणेरी पाय ही मोकळी वाट दिसल्यावर कुठे जाईल? इथे चुकीची किंमत पुढे दोन किलोमीटरवर गाडीत अडकलेला माणूस मोजतो. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, जर्मनीत २,७८८. लोकसंख्येचा हिशेब लावला तरी फरक साडेतीनपटीहून जास्त आहे. तो फरक या असल्या सवयींतूनही येतो.

चाकोरीबाहेर

रुग्णवाहिकेची वाट मी प्रत्येक वेळी केली आहे. कशी कळली? पुढचे करत होते ते बघून. रस्ता स्वतः शिकवतो म्हणतो ते हेच.

आणि ते आकडे इथे लागू होत नाहीत. भारतात मरतात त्यांत दुचाकीवाले आणि पायी चालणारे खूप आहेत. रस्ते, ट्रॉमा सेंटर, रात्रीचे ट्रक, सगळं त्यात आलं. त्यावरून भाड्याची गाडी घेऊन फिरणाऱ्या भारतीय प्रवाशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जर्मनीच आपल्या लायसन्सवर सहा महिने चालवू देते ना? त्या सरकारने विचार केलेलाच असेल. मग आपल्याच माणसांना आपण गाडी घेऊ नका म्हणून का सांगायचं?

भीमथडी

ब्रेकचा मुद्दा मान्य. त्या क्षणी मला पुण्यानेच वाचवलं. पण माझा वेग २८ होता हेही लिहायला हवं. ५० ला तोच पाय उपयोगी पडला नसता.

'रस्ता शिकवतो' हे मात्र मान्य नाही, कारण इटलीने मला काहीच शिकवलं नाही. टस्कनीतल्या एका जुन्या शहरात आमचं हॉटेल मध्यवस्तीत होतं. तिथे जुन्या भागात 'झेडटीएल' असतो, म्हणजे ठरावीक वेळी परवानगीच्या गाड्यांनाच प्रवेश. वेशीवर दिव्यांची पाटी होती, 'वार्को अत्तिवो'. अत्तिवो म्हणजे चालू, म्हणून मी समजलो की रस्ता चालू आहे. अर्थ नेमका उलटा, कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका. सामान उतरवायला एकदा गेलो, आईचा औषधांचा डबा गाडीत राहिला म्हणून संध्याकाळी पुन्हा. मला कोणी अडवलं नाही, कोणी हॉर्न दिला नाही. पुढच्या मे महिन्यात घरी दोन दंड आले, प्रत्येक प्रवेशाचा वेगळा. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला तिथे ३६० दिवसांची मुदत असते. भाड्याच्या कंपनीने माझं नाव-पत्ता कळवण्याचे पैसे दोनदा कापले ते निराळेच. हॉटेलला आधी गाडीचा नंबर दिला असता तर त्यांनी परवानगी नोंदवली असती. आधी वाचलं असतं तर एवढं झालं नसतं.

टोलनाक्यावरही तेच. पिवळ्या 'टेलिपास'च्या (तिथला फास्टॅग) लेनमध्ये आपल्या फास्टॅगच्या सवयीने आपण आपोआप शिरतो. चुकून गेलात तर मागे येऊ नका, तो मोठा गुन्हा आहे.

सांजवेळ

तुम्ही दोघंही गाडी हवीच असं धरून चालला आहात. म्युनिकहून ब्रेनरमार्गे बोल्झानो आणि व्हेरोनाला थेट रेल्वे आहे. बोल्झानोच्या भागातली, म्हणजे दक्षिण तिरोलमधली, कितीतरी हॉटेलं 'गेस्ट पास' देतात, त्यावर तिथल्या बस आणि रेल्वेगाड्या फुकट. प्राग्सरच्या तळ्यावर तर भर उन्हाळ्यात दिवसा आगाऊ नोंदणीशिवाय गाडी जाऊच देत नाहीत, बस जाते. मी आणि माझी बहीण, दोघी साठीच्या पुढच्या, असंच आठ दिवस फिरलो आणि घाट डोळे भरून बघितला. गाडी चालवणाऱ्याला घाटात रस्त्याशिवाय काय दिसतं?

नाशिकची प्राजक्ता

सांजवेळताई, तुमचं फार पटलं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सगळीकडे बस जमणार नाही. पण काल रात्री आम्ही बेत बदलला. म्युनिक ते बोल्झानो रेल्वे, फ्लोरेन्सही रेल्वेने आणि गाडी फक्त मधले चार दिवस, डोलोमाइट्ससाठी. म्हणजे एकाच देशाचे नियम. ऑटोमॅटिकच घेतोय, आणि तीही पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकोरीबाहेर म्हणतात तशी.

चाकोरीबाहेर

उत्तम. डोंगरात लहान गाडी घ्या, मोठीचा मोह नको. आणि पाऊस लागला तर इटलीत महामार्गाची मर्यादा १३० वरून ११० वर येते. बघा, मलाही नियम येतात. फक्त मी ते तिथे जाऊन शिकलो, आणि अजूनही तेच बरं असं मानतो.

इझारकाठ

प्राजक्ता, इटलीतही पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्याला आधी वाट. आणि हे आपल्याला नवीन नाहीच. २०१७ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९८९ च्या रस्तेविषयक नियमांतही, मुख्य रस्ता नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या, असंच लिहिलं होतं. नाशिकमध्येच सराव करता येईल.

नाशिकची प्राजक्ता

केला! आज मुलीला शाळेत सोडताना कॉलनीतल्या चारही चौकांत उजवीकडे बघून थांबायचं ठरवलं. पहिल्या चौकात थांबले, रिक्षावाला माझ्याकडे बघत राहिला, जाईना. दुसऱ्यात मागून हॉर्न. तिसऱ्यात मी विसरले आणि सरळ निघून गेले, मुलीने मागून आठवण केली. उद्या पुन्हा.