शब्द हवा आहे: टीव्ही केंद्र नेटवर्क बदलतं तेव्हा मराठीत काय म्हणायचं?

नोव्हायकर
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी मराठीत आणतो आहे. एका वाक्यावर संपादकांचं आणि माझं जमत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटच्या चॅनेल २ ने, म्हणजे डब्ल्यूजेबीके या केंद्राने, सीबीएस हे नेटवर्क (गावोगावच्या केंद्रांना कार्यक्रम पुरवणारी कंपनी) सोडून फॉक्स या दुसऱ्या नेटवर्कचे कार्यक्रम दाखवायला सुरुवात केली. संपादकांनी केलं: 'चॅनेल २ फॉक्सचं झालं.' वाचायला छान आहे, पण तसं घडलं नव्हतं. तेव्हा केंद्राची मालकी न्यू वर्ल्ड कम्युनिकेशन्सची होती. फॉक्सच्या मालकांनी ती कंपनीच विकत घेतली ती जानेवारी १९९७ मध्ये. म्हणजे दोन वर्षं केंद्र न्यू वर्ल्डचं आणि कार्यक्रम फॉक्सचे. मराठीतला '-चं' हा फरक गिळून टाकतो. 'संलग्न केंद्र' म्हटलं तर कॉलेज वाटतं. काय करावं?

माधवी_धुळे
कॉलेज वाटलं तर बिघडलं काय? आमचं कॉलेज १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाशी संलग्न होतं. जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि धुळे-जळगावची सगळी कॉलेजं तिकडे गेली. संस्था तीच, प्राध्यापक तेच, फाटकही तेच, फक्त गुणपत्रिकेवरचं नाव बदललं. कॉलेज 'विद्यापीठाचं झालं' असं कुणी म्हणालं नाही. तुमच्या केंद्राचं नेमकं हेच आहे. 'संलग्न' रुळलेला शब्द आहे, तोच घ्या.

गोदाकाठ
माधवीताई, एक फरक आहे. कॉलेजला विचारलं नव्हतं, सरकारने हद्द आखली. इथे करार असतो आणि तो मोडता येतो. मला 'अंकित केंद्र' बरं वाटतं. मोठ्या नेटवर्कपुढे गावातल्या केंद्राची ताकद किती असणार? मांडलिकच ते.

नोव्हायकर
गोदाकाठ, १९९४ मध्ये ताकद केंद्रांचीच दिसली. डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल स्पर्धेतल्या एनएफसी गटाचे सामने सीबीएसकडून हिसकावले. सामने हाती आले, पण फॉक्सची बरीच केंद्रं यूएचएफवर, म्हणजे चौदा आणि त्यावरच्या आकड्यांवर. तिथे चित्र पकडायला त्रास आणि लोकांना सवयही कमी. म्हणून मे १९९४ मध्ये फॉक्सने न्यू वर्ल्डमध्ये ५० कोटी डॉलर घातले आणि तिची बारा केंद्रं आपल्याकडे वळवली. डेट्रॉईटमध्ये सीबीएसला दुसरं धड केंद्र मिळेना. शेवटी चॅनेल ६२ विकत घ्यावं लागलं. हे डब्ल्यूजीपीआर, १९७५ मध्ये सुरू झालेलं, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं टीव्ही केंद्र. दोनवरून बासष्टवर! मांडलिक अशी वेळ सम्राटावर आणतो का? शिवाय त्या काळी कार्यक्रम दाखवण्याबद्दल नेटवर्कच केंद्रांना पैसे द्यायचं.

धातुसाधित
'संलग्न' आणि 'लग्न' दोन्ही संस्कृत 'लग्' धातूचे: चिकटणे, जोडले जाणे. आपलं 'लागणे' तिथलंच. आणि टीव्हीच्या बाबतीत आपण हाच धातू रोज वापरतो: 'दोनवर काय लागलंय?' मग सरळ लिहा: 'डिसेंबरपासून दोनवर सीबीएस लागेनासं झालं, फॉक्स लागायला लागलं.' मालकीचा प्रश्नच उद्भवत नाही. घरात माणसं हेच बोलली असतील. आठवणी लिहिताना बोली सोडून परिभाषेकडे जायचं कशाला?

माधवी_धुळे
वाक्य सुंदर आहे. पण नाम लागेल तेव्हा? 'फॉक्स लागणारं केंद्र' असं किती वेळा लिहिणार? आणि 'लागतं' म्हटलं की कुणी कुणाला सोडलं हे नाहीसं होतं.

नोव्हायकर
हाच मुद्दा मला छळतो आहे. डेट्रॉईटमध्ये केंद्राने नेटवर्क सोडलं. बॉस्टनमध्ये उलट: एनबीसी या नेटवर्कने डब्ल्यूएचडीएच हे केंद्र सोडून १ जानेवारी २०१७ पासून स्वतःचं केंद्र चालू केलं. केंद्राचा मालक कोर्टात गेला आणि हरला. त्याच मालकाच्या मायामीच्या केंद्राकडून एनबीसी १ जानेवारी १९८९ ला गेली होती. तिथली गोष्ट तर आपल्या '-चं'ची परीक्षाच आहे. एनबीसीने १९८७ मध्ये मायामीचंच दुसरं केंद्र, चॅनेल ४, विकत घेतलं, पण १९८८ अखेरपर्यंत त्यावर सीबीएसच लागायचं. म्हणून वर्षभराहून अधिक काळ मालकी एनबीसीची आणि कार्यक्रम प्रतिस्पर्धी सीबीएसचे. सांगा, चॅनेल ४ तेव्हा कुणाचं?

गोदाकाठ
मालकाचं. सातबारा ज्याच्या नावावर, जमीन त्याची. पीक कुणाचंही असो.

धातुसाधित
प्रेक्षकाच्या लेखी मात्र सीबीएसचं. भाषा सातबाऱ्यावर चालत नाही.

सिंहगडरोड
सगळे संस्कृत चाळताय, आपल्याकडचा तयार शब्द कुणी काढला नाही. आकाशवाणीवर निवेदक सांगतात, दुसऱ्या केंद्राचं बातमीपत्र आम्ही सहक्षेपित करत आहोत. 'सहक्षेपण' किती नेटका शब्द! केंद्र आपलं, कार्यक्रम दुसऱ्याचा, दोघे एका वेळी. 'चॅनेल २ फॉक्सचे कार्यक्रम सहक्षेपित करू लागलं.' पुण्यात सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शन दिसायचं, ते मात्र सहक्षेपण नव्हे. तो मनोरा होता, त्याला स्वतःचं काही नव्हतं. डेट्रॉईटच्या केंद्राला स्वतःच्या बातम्या आणि स्वतःचे निवेदक होते.

माधवी_धुळे
सहक्षेपण एका कार्यक्रमापुरतं असतं. हा वर्षानुवर्षांचा करार आहे.

रोजचाचहा
आपल्याकडेही झालंय की हे. स्टार माझाचं २०१२ मध्ये एबीपी माझा झालं, आयबीएन लोकमतचं पुढे न्यूज१८ लोकमत. 'नाव बदललं' म्हणा, संपलं.

नोव्हायकर
नाही, तिथे वाहिनी तीच राहिली आणि तिचं नाव बदललं. इथे केंद्र तेच, आकडा तोच, संध्याकाळच्या बातम्याही तिथल्याच, पण रात्रीच्या मालिका आणि रविवारचा सामना बदलला. डेट्रॉईट लायन्स या फुटबॉल संघाचे सामने १९९३ पर्यंत दोनवर असायचे, १९९४ च्या शरदात पन्नासवर गेले, कारण तोवर फॉक्स तिथे होतं, आणि डिसेंबरात पुन्हा दोनवर आले. आमच्या सभासदांना तारीख लक्षात आहे ती यामुळे.

धातुसाधित
तुम्ही आत्ता 'वाहिनी' लिहिलंत आणि वर सगळीकडे 'चॅनेल २'. ते बरोबर आहे का? वाहिनी म्हणजे वाहून नेणारी. डब्ल्यूजेबीके एका शहराचं केंद्र आहे, मुंबई दूरदर्शन केंद्रासारखं. दोन हा त्याच्या वारंवारतेचा पट्टा. तो पट्टा खरी वाहिनी. आपण आख्ख्या कंपनीला वाहिनी म्हणून बसलो आहोत.

सिंहगडरोड
बसलो आहोत आणि छान बसलो आहोत. तीस वर्षं वर्तमानपत्रं 'वृत्तवाहिनी' लिहितात. आता कंपनीला वाहिनी म्हणू नका सांगणं म्हणजे भाषेला मागे ओढणं.

धातुसाधित
मागे ओढत नाही, भेद सांभाळतो आहे. केंद्र, वाहिनी आणि नेटवर्क या तीन गोष्टींना एकच शब्द वापरला म्हणून तर वरचं वाक्य अडलं.

माधवी_धुळे
मग नेटवर्कला काय? 'जाळं' म्हणू नका, कृपा करा. तो कोळ्याचा शब्द आहे.

गोदाकाठ
कोळ्याचा शब्द वाईट कसा? रेल्वेचं जाळं म्हणतोच ना?

नोव्हायकर
मजकूर रविवारी छापायला जातो. सध्या 'दोनवर फॉक्स लागायला लागलं' ठेवलंय आणि पुढच्या वाक्यात 'फॉक्सशी संलग्न'. संपादक दुसऱ्याला अजून तयार नाहीत.

सिंहगडरोड
सहक्षेपण एकदा दाखवून बघा त्यांना.